रूप बदललं, पण हिट पॉइंट कुणाचे? : नऊ महिने खेळल्यानंतर

श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या आठवड्यात आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्स सुरू झालं, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र चालवत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) उलटून गेली, तरी दर शनिवारी रात्री जळगावात आमच्या गच्चीवर सतरंजी पडतेच. मी डीएम आहे, म्हणजे गोष्ट सांगायची, राक्षस चालवायचे आणि शेवटी बोलणी खायची. या नऊ महिन्यांत सापळे, खजिना, लढाया सगळ्यांवरून मिळून जेवढी भांडणं झाली नसतील, तेवढी एकट्या रूप बदलण्याच्या जादूवरून झाली. म्हणून हा अनुभव फक्त तिच्यापुरता.

पहिले पाच महिने २०१४ चे नियम वापरले, पुढे २०२४ चे. दोन्हींचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली पीडीएफमध्ये फुकट मिळतो आणि रूपांतराचे नियम त्यात आहेत. तेवढ्यासाठी महागडं पुस्तक घ्यायची गरज नाही.

आमचं पहिलं भांडण नावावरून झालं. वाइल्ड शेप आणि पॉलिमॉर्फ एकच, असं सगळे धरून चालले होते. वाइल्ड शेपमध्ये ड्रुइडचं (निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राचं) अंग जनावराचं होतं, अक्कल तिचीच राहते. पॉलिमॉर्फ हा दुसऱ्यावरही टाकता येणारा मंत्र, त्यात अक्कलही जनावराची होते, फक्त स्वभाव उरतो. ही दोन वाक्यं मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवायला हवी होती.

जानेवारीतली भरीत पार्टीची रात्र सांगतो. नकाशा मी अशीरगडावरून काढला होता. १६०१ साली अकबराने फारुकींकडून घेतलेला तो गड आमच्या खेळात भुतांच्या ताब्यात होता. धाकट्या चुलतभावाचा फायटर (लढवय्या) सातव्या लेव्हलचा, हिट पॉइंट, म्हणजे शून्यावर आला की पात्र कोसळतं तो जिवाचा आकडा, उरलेले ९. भुसावळहून येणाऱ्या मित्राच्या विझार्डने (जादूगाराने) त्याच्यावर पॉलिमॉर्फ टाकून त्याला जायंट एप, म्हणजे अवाढव्य वानर केलं. लेव्हल ७ म्हणून चॅलेंज रेटिंग (जनावर किती भारी त्याचा आकडा) ७ पर्यंतचं जनावर चालतं आणि जुन्या नियमांत या एपचे हिट पॉइंट १५७. भाऊ एकदम खूश. विझार्ड ओरडला, "आधी तो धनुष्यवाला घे!" तर हा भाकरीचा तुकडा मोडत म्हणतो, "आते मी माकड शे भो, माले काय समजस?"

सगळे हसले, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता. एपची बुद्धी ७ आणि त्याच्या शीटवर (माहितीच्या पानावर) भाषा एकही नाही. मग मित्र तरी ओळखू येतील का? नियम म्हणतो स्वभाव तोच राहतो, बाकी गप्प. मी निकाल दिला की शब्द कळणार नाहीत, पण आपलं माणूस कोण ते कळेल आणि बोट दाखवलं तर त्या दिशेला बघेल. नऊ महिन्यांत माझा हा एकच निकाल कुणी बदलायला लावला नाही.

पुढे एप वहिनींच्या ड्रुइडला खांद्यावर घेऊन तट चढायला लागला. चाळीस फुटांवर असताना त्या धनुष्यवाल्याचा बाण विझार्डला लागला. डॅमेज १४. पॉलिमॉर्फ टिकतं ते टाकणाऱ्याची एकाग्रता टिकेपर्यंतच. ती टिकवायला दहाच लागत होते, फाशावर पडले चार. एप गेला, त्याचे उरलेले नव्वदेक हिट पॉइंट गेले, हवेत राहिला ९ वाला फायटर. पडल्याचं डॅमेज दर दहा फुटांना एक सहाचा फासा, म्हणून चार टाकले, बेरीज १५. फायटर बेशुद्ध. "मी घार होते," वहिनी म्हणाल्या. पण उडणारं रूप आठव्या लेव्हलला मिळतं आणि त्या सातव्या. पडल्या त्याही. "भाऊजी, तुम्ही नियम वाचता की पंचायत भरवता?" हे वाक्य त्या रात्रीचं.

नव्या नियमांत पॉलिमॉर्फ टाकलं की जनावराचे हिट पॉइंट टेम्पररी, म्हणजे मूळ पॉइंटांवर चढवलेले तात्पुरते, म्हणून मिळतात. वाटतं काहीच फरक नाही. एपचे १२ उरलेत आणि फटका २० चा बसला, तर दोन्हीकडे ८ मूळ माणसावर जातात, ९ चा १ होतो. फरक कळतो तो कुणी उपचार केला की. जुन्या नियमात जखमी एपवर क्युअर वूंड्स हा उपचाराचा मंत्र टाकला तर एप भरतो, आतला फायटर ९ वरच राहतो. नव्यात टेम्पररी पॉइंट उपचाराने वाढत नाहीत, त्यामुळे आतला माणूस भरतो. आम्हाला हे तीन शनिवार कळलं नव्हतं. मला नवं जास्त आवडतं, हिशेब कमी लागतो.

वहिनींना मात्र नवं अजिबात आवडत नाही, आणि त्यांचं खरं आहे. जुन्या वाइल्ड शेपमध्ये काळ्या अस्वलाचे १९ हिट पॉइंट आयते मिळायचे, तेही विश्रांतीमागे दोनदा. नव्यात ड्रुइडच्या लेव्हलएवढे टेम्पररी, म्हणजे ७. अस्वल होऊन पुढे जायचं आणि दोन फटक्यांत स्वतःचं रक्त सांडायचं. मून सर्कलच्या, म्हणजे रूप बदलण्यात मुरलेल्या शाखेच्या ड्रुइडला तिप्पट मिळतात, पण त्यांनी ते सर्कल घेतलेलं नाही. बदल्यात रूप बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य कृतीखेरीजच्या जादा कृतीत) बदलतं आणि जनावराच्या तोंडून बोलता येतं. अस्वल होऊन चुलतभावाला दम देणं हा आता त्यांचा ठरलेला कार्यक्रम आहे.

सामानाचंही असंच. पॉलिमॉर्फमध्ये अंगावरचं सगळं नव्या रूपात विरघळतं. एकदा तळघराची किल्ली फायटरच्या खिशात होती आणि तो एप झालेला. तासभर कुलपासमोर बसून चहा झाला. जादू मुद्दाम तोडली असती तर किल्ली लगेच मिळाली असती, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

जुन्या नियमातली एक अट मला अजून आठवते. ड्रुइडने जे जनावर पाहिलंय तेच रूप घेता येतं. दुसऱ्या लेव्हलला वहिनींना बिबट्या हवा होता. शीटवर तो पँथर, हिट पॉइंट १३, चॅलेंज रेटिंग पाव, म्हणजे चालण्यासारखा. "यावलला माहेरी केळीत बघितलाय मी," त्या म्हणाल्या. तुम्ही बघितलाय, तुमच्या ड्रुइडने कुठे बघितलाय, यावर अर्धा तास गेला. शेवटी तिचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे असं शीटवर लिहून घेतलं. नव्या नियमात ही अट नाही, ठरावीक रूपांची यादी निवडायची. सोय झाली, पण तो अर्धा तास मला परत हवाय.

रूप बदलण्याच्या जादूला पाचपैकी साडेतीन. पॉलिमॉर्फ नवं घ्या, आणि ड्रुइड मून सर्कलची नसेल तर वाइल्ड शेप जुनं ठेवा. आम्ही गेल्या शनिवारपासून तसंच खेळतोय. भुसावळचा मित्र म्हणतो ही भेळ झाली. त्याला आता विझार्डसाठीही सवलत हवी आहे.