जुन्या नोडवरचे आठ कोर की नव्या नोडवरचे सहा?

इंदुरात सिल्व्हर मॉलमध्ये पीसी असेंबल करायला गेलात आणि बजेट बेताचं सांगितलंत, की बहुधा अशी प्रोसेसरची जोडी पुढे येते: इंटेलचा सेकंडहँड आय-७ ११७००, म्हणजे १४ नॅनोमीटरच्या नोडवर (चिप घडवण्याच्या तंत्राची पिढी) आठ कोर, म्हणजे काम करणारे आठ भाग, किंवा एएमडीचा नवा रायझन ५ ७६००, ५ नॅनोमीटरवर सहा.

नॅनोमीटरचा आकडा फार मनावर घेऊ नका. हल्ली ते मोजमाप कमी आणि नाव जास्त. तरी ट्रान्झिस्टर लहान झाला की तेवढ्याच कामाला वीज कमी लागते, हे खरं. पूर्वी त्याबरोबर व्होल्टेजही उतरायचं, म्हणून क्लॉक, म्हणजे कोरचा वेग, जवळजवळ फुकटात वाढायचा. ते थांबलं, पेंटियम ४ ची गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर अडली आणि कोर वाढवणं सुरू झालं.

पण कोर वाढवून एकूण वेग किती वाढतो, याचा संगणकतज्ज्ञ जीन ॲमडालचा १९६७ चा हिशेब आठवा. कामाचा ८० टक्के भाग वाटून देता आला, तर सहा कोरवर वेग ३ पट, आठवर ३.३३ पट. वरच्या दोन कोरांची कमाई एवढीच. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग रीजनरेट होताना तर बहुतेक भार एकाच कोरवर असतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या रेंडरला (अंतिम चित्र तयार करायला) मात्र सगळे कोर लागतात. तिथे आठांचं पारडं जड व्हायला हवं.

माझं घोडं नेमकं तिथेच अडलं. ११७०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं. तो २२४ वॅटपर्यंत उसळू शकतो, पण डिफॉल्ट सेटिंगला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर पुन्हा ६५ वर येतो आणि क्लॉक २.५ गिगाहर्ट्झच्या बेसकडे घसरतो. रेंडर चालतो तासभर! बायोसमध्ये मर्यादा उठवली तर बॉक्स कूलरला ती उष्णता झेपत नाही, आणि स्वस्त मदरबोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नसेल तर तोही तापून क्लॉक पाडतो. इंदूरच्या मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, हे सोसणं कठीण. ७६०० ची धाव ८८ वॅटपर्यंत, बेस ३.८, आणि सोबतच्या कूलरवर निभतं.

त्याची खोट खर्चात आहे: रॅम डीडीआर५ च लागते, घरातल्या डीडीआर४ च्या पट्ट्या बाद. उलट ११७०० च्या सॉकेटवर पुढची पिढी आलीच नाही.

रेंडरच पोटापाण्याचा असेल आणि चार हीटपाइपचा टॉवर कूलर घेणार असाल, तर ११७०० ला नाही म्हणणार नाही. फक्त पैसे देण्याआधी दहा मिनिटं सिनेबेंच ही रेंडरची चाचणी लावून एचडब्ल्यूइन्फो या मोजणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅकेज पॉवर (प्रोसेसर खात असलेली वीज) आणि शेवटच्या मिनिटाचा क्लॉक बघा. दुकानात एसी चालू असेल, तर घरी याहून कमीच धरा.