भरपगारी रजा की कामाजवळचे पाळणाघर?

मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक करून आईला तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा दिली. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, या शिफारशीशी रजेचा हिशेब जुळतो खरा. पण त्यातील आठ आठवडे बाळंतपणापूर्वीच घेतले, तर हाती जेमतेम चार महिने उरतात. दूध दाटून ब्लाउज ओला होऊ लागल्यावर प्रसाधनगृहात उभ्याने दूध काढणाऱ्या आईला तेव्हा पाळणाघरच उपयोगी पडते. अर्थात, कल्याणहून सकाळच्या गर्दीच्या लोकलने तान्हे मूल कडेवर घेऊन फोर्टला पोचायचे कसे, याचे उत्तर कायद्यात नाही. त्यामुळे शहरात तरी मी रजेलाच झुकते माप देईन. मात्र कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू नसेल तेथे रजेचा पूर्ण पगार मालकाच्याच खिशातून जात असल्याने तरुण स्त्रियांना नोकरी देताना हात आखडता घेतला जाण्याची भीती असते. घरकाम किंवा शेतमजुरी करणाऱ्या आईच्या वाट्याला प्रत्यक्षात दोन्ही येत नाहीत. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे 5,000 रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6,000 रुपये मिळू शकतात.