सोलापूरच्या गच्चीवर १०×५० बायनॉक्युलर : टेलिस्कोप मागवायच्या आधी हे वाचा

आधीच सांगतो, पैसे वसूल आहेत. दहा बाय पन्नासचा (दहा पट मोठं दाखवणारा, पुढची भिंगं पन्नास मिलिमीटरची) साधा पोरो प्रिझमवाला बायनॉक्युलर, म्हणजे तो जुन्या धाटणीचा, पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब लांब असलेला, जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवरून बरेच दिवस वापरतोय, आता रिव्ह्यू लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गात निकॉनचा ॲक्युलॉन घ्या, ऑलिंपसचा घ्या, सेलेस्ट्रॉनचा घ्या, जातकुळी एकच, आणि मला जे सांगायचंय ते दहा बाय पन्नास या साइजबद्दल आहे, लोगोबद्दल नाही.

आपल्याकडे कुणाला आकाश बघायची हौस आली की पहिलं काम काय, तर चार-पाच हजाराचा टेलिस्कोप मागवायचा. डब्यावर शेकड्यात पॉवर छापलेली असते, वर शनीचा एवढा मोठा रंगीत फोटो, आणि आतला ट्रायपॉड असा की फुंकर मारली तरी हलतोय. साधा हिशोब आहे, भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुप्पट पॉवर, त्याच्यापुढं नुसतं मोठं आणि धुरकट दिसतं. म्हणजे ६० मिमीच्या टेलिस्कोपला १२० पट हीच हद्द, बाकी सगळी छपाई. दोन रात्री त्यात काही सापडत नाही आणि तिसऱ्या रात्रीपासून तो माळ्यावर, अशी घरं मी आमच्याच कॉलनीत दाखवतो. बायनॉक्युलरचं तसं होत नाही, उचलला की दोन्ही डोळ्यांनी बघायला सुरुवात, चित्र सरळ दिसतं, उलटं नाही, आणि आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो. माझ्यात साडेसहा अंश दिसतं, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र एका ओळीत बसतील एवढं, त्यामुळे तारा शोधायला झगडावं लागत नाही.

आता दहा बाय पन्नासच का, कारण नेटवर बरेच जण सात बाय पन्नास घ्या म्हणतात. ते गावाबाहेर अंधारात ठीक आहे. सात बाय पन्नासमधून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत सात मिलिमीटर जाडीचा असतो, आणि शहरात आजूबाजूला एवढे एलईडी असताना आपल्या डोळ्याची बाहुली काही सात मिलिमीटर उघडत नाही, पन्नाशी गाठलेल्यांची तर अंधारातही मुश्किलीने पाच. मग जादाचा प्रकाश वाया, वर मागचं आकाश दुधाळ. दहा बाय पन्नासला झोत पाच मिलिमीटरचा, पॉवर थोडी जास्त, त्यामुळे मागचं आकाश जरा काळं पडतं आणि तारे उठून दिसतात. प्रकाश म्हणाल तर उघड्या डोळ्याच्या निदान पन्नास पट गोळा होतो. पंधरा बाय सत्तर पण मिळतो, पण तो हातात धरायच्या भानगडीत पडू नका, त्याला ट्रायपॉड लागतोच.

घेताना काय बघायचं, तर पहिलं प्रिझम, म्हणजे आतली चित्र सरळ करणारी काच. बॅक फोर काचेचं पाहिजे, बीके सेव्हन नको. डब्यावर काही लिहिलेलं असू दे, आपण स्वतः बघायचं, बायनॉक्युलर हातभर लांब धरून दिवसाच्या उजेडाकडे करायचा (सूर्याकडे नव्हे!) आणि डोळ्याच्या बाजूच्या भिंगात जो उजेडाचा ठिपका दिसतो तो बघायचा. पूर्ण गोल असेल तर चांगलं, कडा करड्या पडून चौकोनी झाला असेल तर परत ठेवा. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर तेही परत ठेवा, ते दिसायला भारी वाटतं पण कामाचा प्रकाश उलटा फेकतं. दहा ते तीस झूमवाले अजिबात नकोत. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जे मिळतात ते पोरांना खेळायला घ्या, मजेसाठी ठीकच आहेत.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का. मला आलेला पहिला पीस इथंच गंडलेला होता. दिवसा समोरच्या बिल्डिंगवरची डिश बघितली तेव्हा काही कळलं नाही, फक्त कपाळात जरा ओढल्यासारखं झालं, आणि रात्री चंद्राकडे लावला तर चंद्र दोन, एकावर एक चढलेले, आणि डोळे तेवढ्यात जोर लावून त्यांना एकत्र ओढतात, सुटतात, परत ओढतात. पाच मिनिटात डोकं ठणकायला लागलं. कुरियरमधे आपटला असणार. विकणाऱ्याने सुरुवातीला “सर फोकस नीट करा” वगैरे ऐकवलं पण शेवटी बदलून दिला, दुसरा पीस एकदम ओके. घरी खोलून स्क्रू फिरवायला जाऊ नका, यूट्यूबवर सोपं दिसतं, हातात घेतलं की कळतं.

फोकस करायची पण रीत आहे आणि ती निम्म्या लोकांना माहीत नसते. उजवा डोळा झाकायचा, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याने तारा टाचणीच्या टोकाएवढा करायचा, मग डावा झाकून उजव्या नळीवरची रिंग फिरवून तोच तारा परत टोकदार करायचा, झालं. ती रिंग जिथं बसली तिथं मी नेलपॉलिशचा ठिपका मारलाय, कारण घरातली पोरं पहिली तीच रिंग फिरवतात, का कुणास ठाऊक.

खरी अडचण हाताची. वजन पाऊण-एक किलो आहे, ऐकायला काही नाही, पण मान वर करून दोन मिनिटं धरलं की तारे नाचायला लागतात. गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकलं की निम्मा थरथराट जातो, डोक्यावरच्या भागासाठी मात्र सरळ आडवं पडायचं, खाली चादर (सोलापुरात चादरीला काय तोटा), डोक्याखाली उशी, आणि बायनॉक्युलर डोळ्यांच्या खोबणीवर हलका टेकवायचा. हात डोळ्याजवळ न धरता पुढच्या भिंगांजवळ धरून बघा, फरक कळतो. नाहीतर एल आकाराचा अडॅप्टर घेऊन कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर लावायचा, बहुतेक मॉडेलना पुढं टोपीखाली त्याचा आटा असतो.

हात स्थिर झाला की काय दिसतं ते सांगतो. चंद्र तर आहेच, पण पौर्णिमेचा नको, तो नुसता डोळ्यात घुसतो, षष्ठी ते नवमीचा बघा, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा कशा वर आलेल्या दिसतात. गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने १६१० ला बघितले तेच, पण टेकू पाहिजे, हातात धरून जेमतेम. कृत्तिका उघड्या डोळ्याला आमच्या इथून सहा मोजता येतात, यात डझनावारी. रोहिणीजवळच्या ताऱ्यांचा अख्खा व्ही एका चित्रात बसतो. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो, गुलाबी-बिलाबी काही नाही, तो रंग कॅमेऱ्याचा. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ तर शहरातून डोळ्याला दिसतच नाही, तिथं बायनॉक्युलर लावला की एकदम दाणे सांडल्यासारखे तारे. देवयानीची दीर्घिका (दुसरी आकाशगंगाच ती) म्हणजे एक लांबट पुसट डाग, पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा उजेड आहे हे माहीत असेल तर अंगावर काटा येतो, नसेल तर “हे काय, भिंग पुसलं नाहीस का” असं होतं. ऑक्टोबर २०२४ ला तो त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू आला होता, शहरातून नुसत्या डोळ्याला दिसला न दिसला, यात मात्र शेपटीसकट.

पण मला मुख्य बोलायचंय ते दक्षिणेबद्दल. नेटवरच्या बहुतेक याद्या लंडन-न्यूयॉर्कवाल्यांनी केलेल्या, आपण त्या प्रिंट काढून उत्तरेकडे तोंड करून बसतो. सोलापूर साडेसतरा अंशाच्या जरा वर आहे, ध्रुव बिचारा क्षितिजाला चिकटून अठराएक अंशावर, त्याच्या बदल्यात दक्षिणेचं जे आकाश मिळतं ते त्यांच्या नशिबात नाही. ओमेगा सेंटॉरी म्हणून एक गोल तारकागुच्छ आहे, साधारण एक कोटी तारे, सतरा हजार प्रकाशवर्षांवर, तो लंडनवरून कधी उगवतच नाही. धूमकेतूवाल्या हॅलेने १६७७ साली तो तारा नाही, वेगळं काही आहे असं नोंदवलं ते पार दक्षिणेकडच्या सेंट हेलेना बेटावर जाऊन. आपल्याला बोटीत बसायची गरज नाही, तो गच्चीवरून पंचवीस अंश वर येतो. शोधायचा कसा तर मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमाराला चित्रा दक्षिणेला बरीच वर येते, तिथून सरळ खाली उतरायचं, अगदी सरळ, हात लांब करून साडेतीन मुठी, तिथं एक गोल धुरकट गोळा दिसतो, ताऱ्यासारखा टोकदार नाही, फोकस कितीही फिरवा तो कापसासारखाच राहतो. मी पहिल्यांदा धरला तेव्हा दोनदा भिंग पुसून बघितलं.

त्यात आमच्या जुळे सोलापूरचा एक फायदा असा की शहराचा सगळा झगमगाट उत्तरेला पाठीमागे राहतो आणि दक्षिणेला विजापूर रोडच्या अंगाला उजेड हळूहळू कमी होत जातो. तुम्ही अशोक चौकात किंवा नवी पेठेत राहत असाल तर जरा अवघड आहे, लाईट गेल्याशिवाय नाही. मे-जूनमधे जागं राहणार असाल तर वृश्चिकाच्या शेपटीशेजारचे दोन तारकागुच्छ, एम ६ आणि एम ७, दोन्ही एकाच चित्रात येतात, एम ७ तर शहरातूनही फर्स्ट क्लास. आणि आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे, मोटार लावून गच्चीवर उभं राहायचंच असतं, मग काय, उन्हाळ्यातलं आकाश मार्चमधेच बघून होतं.

हवेचं म्हणाल तर सोलापूर या बाबतीत नशीबवान आहे. पाऊस एवढा कमी की २०१८-१९ ला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाचे प्रयोग इथंच येऊन केले. शेतीला वाईट, आपल्याला ऑक्टोबर ते मे उघडं आकाश. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात स्वच्छ. एप्रिल-मेमधे धूळ उडते, क्षितिजाजवळचं सगळं पिवळट होतं, पण वळवाची एक सर येऊन गेली की दुसऱ्या रात्री बघा. भिंगाला बुरशी लागायची भीती कोकणाएवढी नाही, धुळीची आहे. लेंगा-शर्टाला पुसायचं नाही, आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मगच मऊ कापड, नाहीतर आपणच चरे पाडतो.

तक्रारी पण आहेत. चित्राच्या कडेला तारे टोकदार राहत नाहीत, पिसाऱ्यासारखे होतात, या किमतीत ते चालायचंच. चष्मेवाल्यांनी डोळ्याचे रबर दुमडून बघावं, नुसता प्लस-मायनस नंबर असेल तर चष्मा काढून चालतं, सिलिंडरचा जास्त असेल तर चष्म्यासकटच बघावं लागतं आणि मग चित्र कापलं जातं, अशांनी घ्यायच्या आधी हातात धरून बघाच. आणि शनी. समोरच्या घरातल्या अक्का, आधी त्यांना वाटायचं मी लोकांच्या खिडक्यांत बघतोय, चंद्र दाखवल्यावर खूश झाल्या आणि म्हणाल्या, “आता शनी दाखव की रे, आमच्या पोराला साडेसाती चालू आहे.” दाखवला. “एवढाच?” म्हणाल्या. खरंय, दहाच्या पॉवरमधे कडी दिसत नाहीत, फार तर लांबट ठिपका. ज्यांना शनीची कडीच बघायचीत त्यांनी हे घेऊ नये, पैसे साठवून चांगला टेलिस्कोप घ्यावा.

लहान पोरं असतील तर दिवसा हे कपाटात कुलपात ठेवा. याच्यातून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जातो, सेकंदभर पण नको, ग्रहणाचा चष्मा घालून यातून बघणं तर त्याहून वाईट, तो चष्मा जळतो.

किंमत साधारण आठ ते बारा हजाराच्या घरात, मॉडेलप्रमाणे. दसरा-दिवाळीच्या सेलमधे घ्या, तेव्हाच आकाश उघडत असतं. फक्त ऑर्डर टाकताना आधी कालनिर्णय बघा, शुद्ध पंचमीच्या आसपास हातात पडेल असं जमवा, म्हणजे परत करायची मुदत संपायच्या आत चंद्र संध्याकाळी वर असेल आणि पीस सरळ आहे का डबल दाखवतोय ते त्याच रात्री कळेल.