केंद्रकावरचा दाब दाखवणारी चिप: काय दिसते, काय मोजता येत नाही

यांत्रिक बलांमुळे जिवंत पेशीच्या केंद्रकाचे काय होते, हे प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आता अरुंद वाटा कोरलेल्या तयार चिप विकत मिळतात. आमच्या प्रयोगशाळेत वापरात असलेली चिप पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराची असून ती पातळ काचेवर चिकटवलेली आहे. वाटांची उंची 5 मायक्रॉन आहे, मधल्या फटींची रुंदी 1 आणि 2 मायक्रॉन आहे आणि तुलनेसाठी शेजारी 15 मायक्रॉन रुंदीची मोकळी वाट दिली आहे. पेशीद्रव अशा फटीतून सहज सरकते. परंतु केंद्रक हा बहुतेक पेशींमधला सर्वांत मोठा आणि ताठ भाग असल्यामुळे घोडे पेंड खाते ते तिथेच.

जे दाखवण्यासाठी ही चिप बनवली आहे, ते ती उत्तम दाखवते. केंद्रकातच साठून राहील असे हिरवे चमकणारे प्रथिन पेशीत आधी तयार करून घ्यावे लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते असे: पेशीचे पुढचे टोक फट ओलांडते, केंद्रक तोंडाशी अडते आणि हळूहळू डमरूसारखे मध्ये आवळले जाते. पुढच्या बाजूला, जिथे केंद्रकपटलाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन प्रथिनांचे जाळे विरळ झालेले असते, तिथे केंद्रकपटलाला फुगा येतो, तो फुटतो आणि आतापर्यंत केंद्रकापुरती असलेली हिरवी चमक पेशीभर पसरते. पेशी मात्र सहसा मरत नाही. पटलाची डागडुजी होते आणि चमक पुन्हा केंद्रकात गोळा होऊ लागते. ही फाटाफूट, तिची ईएससीआरटी-3 प्रथिनांकडून होणारी दुरुस्ती आणि या ओढाताणीत डीएनएला होणारी इजा 2016 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिली होती. तेच दृश्य तयार चिपवर इतके स्वच्छ मिळते, याचे श्रेय तळाच्या पातळ काचेला द्यायला हवे. लॅमिन-ए कमी केलेल्या पेशी फटीतून लवकर निसटतात, पण त्यांचे पटल अधिक वेळा फुटते, हा फरकही इथे स्पष्ट दिसतो.

आता तक्रारी. या चिपने केंद्रकावरील बल मोजता येते, असे माहितीपत्रकात म्हटले आहे आणि ते दिशाभूल करणारे आहे. आपल्याला ठाऊक असते ती फक्त फटीची रुंदी. केंद्रक पुढे नेणारे बल पेशी स्वतः निर्माण करते: अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या तंतूंचे आकुंचन, आणि नेस्प्रिन व सन या प्रथिनांच्या दुव्यातून थेट केंद्रकपटलापर्यंत पोहोचणारी ओढ. हे बल पेशीगणिक बदलते आणि चिप त्याविषयी काहीच सांगत नाही. बलाचा आकडाच हवा असेल, तर अतिसूक्ष्म टोकाने दाबून बल मोजणारा अणुबल सूक्ष्मदर्शक किंवा सूक्ष्मनळीने केंद्रक ओढून पाहण्याची जुनी पद्धत यांना पर्याय नाही.

याहून गंभीर मुद्दा त्या मोकळ्या वाटेचा आहे. ती 15 मायक्रॉन रुंद असली तरी तिचे छत 5 मायक्रॉनवरच असते. त्यामुळे साधारण 10 मायक्रॉन व्यासाचे गोल केंद्रक तिथेही चपटे होते. केंद्रक पुरेसे दाबले गेले की त्याचे पटल ताणले जाते, सीपीएलए-2 हे विकर कामाला लागते आणि पेशीचे आकुंचन वाढते, हे 2020 मध्ये सिद्ध झाले आहे. म्हणजे जिला आपण दाबमुक्त समजतो, ती वाटही पेशीला दाबाची जाणीव करून देऊ शकते. शेजारी साध्या बशीतल्या पेशी ठेवणे आवश्यक आहेच, मात्र कडक पृष्ठभागावर पसरलेल्या पेशीतही अ‍ॅक्टिनचे पट्टे केंद्रकाला वरून दाबत असतात, त्यामुळे ती तुलनाही जपूनच करावी लागते. उत्पादकाने थोड्या उंच छताची आणखी एक वाट दिली असती, तर बरेच प्रश्न सुटले असते.

वापराच्या सूचना त्रोटक आहेत. वाटांमध्ये बुडबुडे अडकतात. चिप आधी काही वेळ निर्वात पात्रात ठेवल्यास त्रास बराच कमी होतो, पण पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. पीडीएमएस तेलात विरघळणारी लहान रेणूंची औषधे शोषून घेते, त्यामुळे औषधाची मात्रा प्रत्यक्षात कमी पडू शकते, ही बाबही ग्राहकाने स्वतःच माहीत करून घ्यायची आहे.

केंद्रकपटलाची फाटाफूट आणि दुरुस्ती हा विषय असेल, तर ही चिप जरूर घ्यावी. पेशी ताणल्यावर क्रोमॅटिनमध्ये, म्हणजे केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांच्या गुंफणीत, होणारे बदल अभ्यासायचे असतील, तर लवचिक पडद्याचे ताणयंत्र घ्यावे, आणि पृष्ठभागाच्या कडकपणानुसार वायएपी हे जनुकांचे काम नियंत्रित करणारे प्रथिन केंद्रकात शिरते की नाही हे पाहायचे असेल, तर मऊ जेलच्या बशा. मागणी नोंदवताना त्या खेपेतील फटींची मोजलेली रुंदी लेखी मागावी. आम्हाला केवळ आराखड्यातले आकडे मिळाले आणि काही फटी त्याहून रुंद निघाल्या. 1 मायक्रॉनच्या फटीत अर्ध्या मायक्रॉनची चूक म्हणजे वेगळाच प्रयोग होतो.