परदेशात शस्त्रक्रियेनंतर घेतलेली गृहशुश्रूषा सेवा
खुब्याचा सांधा बदलल्यानंतर परदेशातच विश्रांती घेणे भाग होते, म्हणून रुग्णालयाने सुचवलेल्या संस्थेची गृहशुश्रूषा मी घेतली, आणि तिच्याविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. मला घरी सोडण्याआधीच त्यांची परिचारिका घर पाहून गेली. सुरुवातीचे काही आठवडे खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकू नये अशी डॉक्टरांची सूचना असल्याने तिने खुर्चीची व कमोडची उंची टेपने मोजली आणि वाटेतला गालिचाही उचलायला लावला. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायची इंजेक्शने, जी अशा शस्त्रक्रियेनंतर 35 दिवसांपर्यंतही चालू शकतात, पोटावर स्वतः कशी टोचायची हे तिने इतक्या शांतपणे शिकवले की माझी भीतीच गेली. पोटरी सुजली किंवा अचानक धाप लागली तर तत्काळ रुग्णालय गाठायचे, हेही तिने बजावले.

आंघोळीसाठी येणारी मदतनीस मात्र वरचेवर बदलत असे आणि प्रत्येकीला सगळे नव्याने सांगावे लागे, याचा मला फार त्रास झाला. शिवाय माझ्या विम्यात परिचारिकेचा खर्च बसत होता, मदतनिसाचा नव्हे; हे संस्थेने आधीच लेखी कळवायला हवे होते. करार करताना या दोन्ही सेवा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात.