घंटा वाजल्यावर तुमचं मूल काय करतं? स्वभावाप्रमाणे शाळा निवडताना

शाळा बघायला गेले होते, तेव्हा एका वर्गात मागच्या बाकावर तासभर बसायला मिळालं. समोरचा मुलगा चित्रातल्या झाडाला एकेक पान काढत होता. अर्धं झाड उघडंच होतं आणि घंटा वाजली. शेजारच्या मुलीने वही मिटून झटकन गणिताचं पुस्तक काढलं, आता काय करायचं हे कळल्याने ती निवांत. मुलानेही पुस्तक काढलं, पण पुढचा सगळा वेळ त्याचं बोट बाकावर पानंच काढत होतं. तीच घंटा एकीला आधार वाटली आणि दुसऱ्याला जाच.

तेव्हापासून मी कुठल्याही पद्धतीकडे एकाच प्रश्नातून बघते: पुढे काय करायचं, हे इथे कोण ठरवतं?

नेहमीच्या शाळेत ते वेळापत्रक आणि बाई ठरवतात. या पद्धतीला हल्ली सरसकट नावं ठेवली जातात, ते मला पटत नाही. काही मुलांना आखून दिलेलं लागतं. नेमकं काय करायचं ते समजलं की ती खुलतात. ‘तुला हवं ते कर’ म्हटलं की बावरतात. पण तंद्री लागणाऱ्या मुलाची इथे रोज ओढाताण होते, आणि चुळबुळ्या मुलावर ‘मस्तीखोर’ असा शिक्का फार लवकर बसतो.

मॉन्टेसरीत काम मूल निवडतं. मारिया माँटेसरी या डॉक्टर बाईंनी 1907 साली रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात, आणि सलग तीनेक तास त्यांच्या कामात कुणी व्यत्यय आणायचा नाही. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवणारं मूल नीट बघा. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. मूल थांबतं, सगळे काढतं, पुन्हा लावतं. ‘चुकलं’ हा शब्द कुणी उच्चारलेलाच नसतो. दुसऱ्याने चूक दाखवली की कोमेजणाऱ्या मुलासाठी याचं मोल फार मोठं आहे.

पण मॉन्टेसरी म्हणजे मोकळं रान, हा गैरसमज आहे. प्रत्येक साधन कसं वापरायचं ते दाखवलेलं असतं, काम झालं की ते जागच्या जागी ठेवायचं. मनोऱ्याच्या ठोकळ्यांची आगगाडी करून तिला बोगद्यातून नेणारं मूल इथे थोडं अडतं. शिवाय मॉन्टेसरी हे नाव पाटीवर दिसलं म्हणून आत पद्धतही तीच असेल असं नाही.

त्या आगगाडीवाल्या मुलासाठी वॉल्डॉर्फ पद्धतीची शाळा बघा. 1919 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रुडॉल्फ स्टायनर यांनी अशी पहिली शाळा काढली. इथे दिवसाला लय असते: गोष्ट, गाणं, विणकाम, बाहेरचा खेळ. मोठ्या वर्गांत सकाळचा मुख्य पाठ तीन-चार आठवडे एकाच विषयाचा. एकच वर्गशिक्षिका वर्षानुवर्षं, शक्यतो आठ वर्षं, मुलांबरोबर राहते. जीव लावायला वेळ घेणाऱ्या बुजऱ्या मुलाला दरवर्षी नव्याने सुरुवात करावी लागत नाही. मात्र त्या एका व्यक्तीशी सूर जुळला नाही, तर आठ वर्षं फार लांब असतात. वाचन-लेखन रीतसर सुरू होतं ते सहा-सात वर्षांनंतर. पाचव्या वर्षीच दुकानांच्या पाट्या वाचणारं मूल इथे कंटाळू शकतं, आणि मध्येच शाळा बदलावी लागणार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराची बालवाडीची पद्धत गटाच्या कुतूहलावर चालते. सावली लांब का होते, यावर आठवडेच्या आठवडे चित्रं, माती, चर्चा. बडबड्या मुलांची चंगळ. अबोल मुलाचं म्हणणं मुद्दाम ऐकणारी शिक्षिका आहे ना, एवढं पाहा.

बुजरं आहे म्हणून त्याला धीट करणाऱ्या गजबजलेल्या शाळेत घाला, हा सल्ला तुम्हाला मिळेलच. लहान मुलाच्या बाबतीत तरी मी तो मानत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. स्वभाव चांगला की वाईट यापेक्षा भोवतालच्या अपेक्षांशी तो किती जुळतो, याला त्यांनी महत्त्व दिलं. उशिरा रुळणारं मूल रुळतं, फक्त त्याला तेवढा अवधी द्यावा लागतो. स्वभाव दुरुस्त करायला शाळा निवडली, तर मुलाला रोज एवढंच कळतं की आपल्यात काहीतरी चुकलेलं आहे. माझा जीव त्याने तुटतो.

म्हणून आधी सुट्टीच्या एका सकाळी काहीही न सुचवता मुलाकडे बघा. स्वतःच काहीतरी काढून बसतं, की ‘आता काय करू?’ विचारत मागे फिरतं? हातातलं सोडवताना रडतं, की सहज उठतं? मग शाळेत जाऊन परवानगी मागा आणि एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंत वर्गात बसा. ज्याचं झाड अजून अर्धं आहे, त्याच्याशी शिक्षिका त्या दोन मिनिटांत काय बोलते, ते ऐका.