डीएनए मॉडेल किट: आतला माल चांगला, झाकण चुकीचं

खोक्याच्या झाकणावर छापलेला डीएनए डाव्या पिळाचा आहे. पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो. डाव्या पिळाचा झेड-डीएनए असतो खरा, पण चित्रकाराच्या मनात तो नक्कीच नसणार. तेव्हा झाकण मुलांसमोर न्यायचंच नाही. आतला माल मात्र चांगला आहे.

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर शाळा-प्रयोगशाळांचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत हे किट साधारण साडेबाराशेला मिळतं. त्यात बारा जोड्यांचा ऐवज आहे: डीऑक्सीरायबोज शर्करेचे 24 काळे पंचकोन, 24 लाल फॉस्फेट, ॲडेनिन (ए), थायमिन (टी), ग्वानिन (जी) आणि सायटोसिन (सी) हे नायट्रोजनयुक्त तुकडे प्रत्येकी 6, शिवाय हायड्रोजन बंधांसाठी पांढऱ्या खुंट्या. खुंट्या 30 लागतात (सहा ए-टी जोड्यांना 12, सहा जी-सी जोड्यांना 18) आणि खोक्यात नेमक्या 30 च दिल्या आहेत. एक बाकाखाली घरंगळली की जोडी लंगडी. दुकानातच डझनभर सुट्या मागून घ्याव्यात.

नायट्रोजनयुक्त तुकडे विचार करून बनवलेत. ॲडेनिन-ग्वानिन लांब, थायमिन-सायटोसिन आखूड, कारण पहिल्या दोघांना (प्युरिन) दोन कड्या, दुसऱ्या दोघांना (पिरिमिडीन) एक. ए-ला टी-कडे तोंड करून दोन भोकं, जी-ला सी-कडे तीन. ए आणि जी समोरासमोर ठेवले तर दोन पेडांमध्ये मावतच नाहीत. ए आणि सी लांबीला जमतात, पण सी-ची तिसरी खुंटी अधांतरी लोंबते. चूक हाताला कळते, शिक्षकाला बोलावं लागत नाही. मापंही बरी आहेत: रुंदी 13 सेंमी, दोन पायऱ्यांत (म्हणजे लागोपाठच्या जोड्यांत) 2.2 सेंमी. खऱ्या रेणूत 2 नॅनोमीटरला 0.34 नॅनोमीटर, म्हणजे गुणोत्तर जवळपास तेच.

खरी गोची शर्करेत आहे. पाचवा कार्बन कडीबाहेर असतो, तो इथे छोट्या ठोंबासारखा दाखवलाय. पण ठोंबाचं भोक आणि तिसऱ्या कार्बनचं भोक एकाच मापाचं. त्यामुळे दोन्ही पेड एकाच दिशेने जोडले तरी सगळं गुमान बसतं आणि मॉडेल दिसायलाही झकास दिसतं. डीएनएत एक पेड 5' कडून (पाचव्या कार्बनच्या टोकाकडून) 3' कडे (तिसऱ्या कार्बनच्या टोकाकडे) चढतो आणि दुसरा उतरतो. नेमकं हेच मुलं परीक्षेत विसरतात. वाटप करण्याआधी 24 पंचकोनांवर तिसऱ्या कार्बनच्या भोकाभोवती लाल नेलपॉलिश लावून ठेवा. जोडून झाल्यावर एका पेडाचे सगळे ठोंब वर आणि समोरच्याचे खाली दिसायला हवेत.

पत्रक आधी दोन्ही बाजूंचे खांब उभे करून मग पायऱ्या बसवायला सांगतं. तसं करू नका. मुलांना शिडी आठवते, न्यूक्लिओटाइड आठवत नाही. साठ मुलांच्या वर्गात पाच-पाचचे बारा गट करा. प्रत्येक गटाने शर्करा, फॉस्फेट आणि एक नायट्रोजनयुक्त तुकडा मिळून एक, असे एकमेकांना पूरक दोन न्यूक्लिओटाइड जोडायचे. तुकडा पहिल्या कार्बनला, फॉस्फेट ठोंबाला. फळ्यावर एका पेडाचा क्रम लिहा: एटीजीजीसीएसीटीटीजीसीए. यात ए-टी सहा आणि जी-सी सहा जागा आहेत, त्यामुळे सगळे तुकडे संपतात. मग गट क्रमाने पुढे येऊन आपली जोडी चढवतात. पस्तीस मिनिटांच्या तासात हे बसतं, नेलपॉलिश आदल्या दिवशी लावलं असेल तर. शेवटी ए किती, टी किती, जी किती, सी किती हे मोजून घेतलं की चारगाफचा नियम (ए तितके टी, जी तितके सी) आपोआप समोर येतो.

काही पोरं फॉस्फेट आतल्या बाजूला वळवतात आणि किट त्यांना अडवत नाही. त्यांना रागावू नये. 1951 साली, डीएनएची खरी रचना सापडण्याआधी, ती पुढे शोधणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांनीही फॉस्फेट आत ठेवून तीन पेडांचं मॉडेल केलं होतं आणि क्ष-किरणांनी डीएनए अभ्यासणाऱ्या रोझालिंड फ्रँकलिन यांनी ते पाहताच चूक दाखवली होती. फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो. ते मध्यात एकत्र कोंबले तर एकमेकांना ढकलतील. बाहेर त्यांना पाणी मिळतं.

पीळ देताना तळाची पायरी स्टँडमध्ये घट्ट बसवा आणि वरची पायरी, वरून पाहताना, घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पहिली आणि अकरावी पायरी एकावर एक आली की थांबा. हे दर फेरीला दहा जोड्यांचं मॉडेल झालं; द्रावणातल्या डीएनएत साधारण साडेदहा असतात. दिशा तपासायला साधा स्क्रू शेजारी धरा, त्याचे आटे चढतात तसेच पेड चढायला हवेत. मॉडेल उलटं धरलं तर पीळ बदलेल का, असं कोणी विचारलं तर उलटं धरूनच दाखवा, बदलत नाही.

बारावीच्या वर्गासाठी एक उणीव आहे. तुकडे शर्करेला अगदी समोरासमोर जोडले असल्याने पिळामुळे दोन पेडांमध्ये पडणाऱ्या दोन्ही खाचा सारख्या रुंद दिसतात. खऱ्या डीएनएत मोठी खाच सुमारे 2.2 आणि लहान सुमारे 1.2 नॅनोमीटर असते. नववी-दहावीला चालून जातं. खोक्यावर आरएनएचाही उल्लेख आहे, पण त्याला थायमिनऐवजी लागणारं युरॅसिल आत नाही आणि त्याची शर्करा, रायबोज, तीही नाही. त्या भरवशावर घेऊ नका.

प्लास्टिक मऊ असल्याने वापरून वापरून खुंट्या सैल पडतात. नळाच्या कामाची पांढरी टेफलॉन टेप एक वेढा गुंडाळली की पुन्हा घट्ट बसतात. फेव्हिक्विक लावायचा मोह टाळावा, कारण पेड उसवता आले नाहीत तर प्रतिकृती कशी होते हे दाखवता येणार नाही. त्या धड्यासाठी मात्र दोन खोकी लागतील: एक मॉडेल उसवलं की दोन्ही सुट्या पेडांना मिळून नवे 24 न्यूक्लिओटाइड हवेत. दोन घेताना भाव थोडा खाली येतो. शाळेच्या खात्यावर घेत असाल तर पक्कं बिल मागा आणि काउंटरवरच खोकं उघडून मोजून घ्या.